शून्य हजेरीची ओळ

४ फेब्रुवारी १९८०

नाही घेतलं.

भोसरीच्या त्या कंपनीत तिघे समोर बसले होते. मार्कलिस्ट पाहिली, क्लासचं सर्टिफिकेट पाहिलं, माना डोलावल्या. मग मधल्याने विचारलं — मशीनवर किती प्रोग्रॅम चालवलेत? मी खरं ते सांगितलं. एकही नाही. आमच्या पुण्याच्या क्लासात कॉम्प्युटरच नाही. सर फळ्यावर कोबोल लिहितात, आम्ही उतरवून घेतो. तो म्हणाला, "मग प्रोग्रॅम बरोबर आहे की चूक, हे तुम्हाला फळा सांगतो का?" बाकीचे दोघे हसले. मीही हसले. का हसले कोण जाणे.

घरी आले तर आईने तोंडाकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

एकदा नीट लिहूनच ठेवते, म्हणजे डोक्यात गरगरायचं थांबेल. अण्णा गेले ऑक्टोबरात. भट्टी खात्यात, कामावर असताना. साच्यात ओल राहिली होती, ओतताना लोखंडाचा रस उसळला. कंपनीचा नियम असा की अशा माणसाच्या जागी घरातला एक जण घेतात — त्याच खात्यात, आणि वर्षाच्या आत अर्ज केला तरच. भट्टीवर बाईमाणूस घेत नाहीत. म्हणजे राहिला भीमा, माझा धाकटा भाऊ. सध्या चाकणच्या बाजारात कांद्याची पोती चढवतो.

अण्णांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळे पाहुणे बसलेले असताना आई म्हणाली होती, "प्रभा, तू नोकरीला लाग. तू लागलीस तर भीमाला त्या भट्टीवर न्हाई धाडायची."

मी हो म्हटलं. आमच्या घरात पदवी मिळवणारी मीच पहिली. मी नाही तर कोण?

१८ फेब्रुवारी

अण्णांच्याच कंपनीत लागले! पण प्रोग्रॅमर म्हणून नाही. पंचिंगला, म्हणजे कार्डांवर आकड्यांची भोकं पाडायला, तात्पुरती, तीन मुली रजेवर आहेत म्हणून. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून नाव गेलं होतं. त्यांना मी कोणाची मुलगी ते माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही.

पंच-रूम वरच्या मजल्यावर. पलीकडे काच, काचेपलीकडे मशीन. तिथे एवढा गारवा असतो की ऑपरेटर स्वेटर घालून बसतो. पंचिंगच्या मुलींनी काचेपलीकडे जायचं नाही, हे सुमनताईंनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. त्या आमच्या प्रमुख. म्हणाल्या, "बी.एस्सी. आहेस ना? इथे बोटं लागतात. डोकं घरी ठेवून आलीस तरी चालेल."

डोकं मी घरी ठेवणार नाही. काचेपलीकडे जायलाच तर आले आहे.

२१ फेब्रुवारी

बोटं सुजली. आई खोबरेल चोळते.

३ मार्च

काम कळायला लागलं आहे. टाइम-ऑफिसातून हजेरीचे तक्ते येतात. एकेका कामगाराचं एकेक कार्ड — नंबर, खातं, भरलेले दिवस, ओव्हरटाइम. एका मुलीने भोकं पाडायची आणि दुसरीने त्याच कार्डावर तेच आकडे पुन्हा मारून पडताळायचे. जुळलं नाही की मशीन अडतं. किती सरळ आहे हे! कोणाचं आडनाव काय, कोण कुठल्या वस्तीतला, मशीन विचारत नाही. आकडा बरोबर असला की पुढे जा.

रद्दीत टाकलेले प्रोग्रॅमचे छापील कागद मी घरी आणते. सुमनताईंना विचारून. त्या म्हणाल्या ने, डब्याला घालायला बरे असतात. मी ते वाचते. दुसऱ्याने लिहिलेला, खरोखर चाललेला प्रोग्रॅम! वर्गात शिकवलेल्या आणि या कागदांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे प्रत्येक ठिकाणी आधी शंका घेतलेली असते — आकडा आलाच नाही तर? उलटा आला तर?

५ मार्च

आज भट्टी खात्याचा तक्ता पडताळायला माझ्याकडे आला. खाली खाली येत गेले आणि अण्णांचा नंबर.

हजेरी शून्य. ओव्हरटाइम शून्य.

आधीच्या मुलीने भोकं पाडली होती. मी तेच पुन्हा मारायचं. मारलं. जुळलं. मशीन अडलं नाही.

नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

७ मार्च

सुमनताईंना विचारलं, गेलेल्या माणसाचा नंबर का येतो? त्यांनी कामातून मान वर केली नाही. म्हणाल्या, कारखान्याची जुनी रीत आहे. घरचा वारस लागेपर्यंत नंबर दुसऱ्या कोणाला देत नाहीत, यादीतूनही काढत नाहीत. दर महिन्याला पगाराची यादी खात्यात भिंतीला लावतात, त्यात ती शून्याची ओळ असते. लोक येऊन पाहतात. ओळ आहे म्हणजे जागा आहे. मग एकदम थांबल्या आणि माझं आडनाव आठवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "ओव्हाळ... भट्टीतले भिवा ओव्हाळ तुझे कोण?"

नंतर दिवसभरात त्या मला एकदाही डोकं घरी ठेव म्हणाल्या नाहीत.

२७ मार्च

गुरुवार. कारखान्याला सुट्टी, पण मशीन-रूम अर्धा दिवस चालू असते. सुमनताईंनी रिसबूड साहेबांकडे शब्द टाकला. ते कॉम्प्युटर खात्याचे मुख्य. चष्मा कपाळावर ठेवून बोलतात. म्हणाले, साडेअकरानंतर मशीन रिकामं असतं, प्रोग्रॅम आणा, चालवून देऊ. रडायचं मात्र नाही.

चपला काढून आत गेले. माझी कार्डं वाचून झाली, आणि छपाईचं यंत्र सुरू झालं ते थांबेचना. पानभर चुका! वर एके ठिकाणी पूर्णविराम राहिला होता, त्यामुळे खालचं सगळं त्याला चूक वाटलं. रिसबूड साहेब म्हणाले, "बहुतेक एकच असेल. पहिली शोधा, बाकीच्या आपोआप मरतात."

रडले नाही. शोधली.

३ एप्रिल

प्रोग्रॅम चालला!! दहा नावं, दहा बेरजा, सगळ्या बरोबर. कागद घरी आणून भीमाला दाखवला. तो म्हणाला, "अक्का, एवढ्या मोठ्या मशीनला एवढीच बेरीज येती? आमचा तोलारी तोंडी करतो की."

खूप हसलो. आईसुद्धा.

१४ एप्रिल

जयंती. वस्तीत पताका, सकाळी वंदना झाली. दुपारी धोंडीबाकाका आले. अण्णांबरोबर भट्टीवर त्यांची जोडी होती, एका डबूचे दोन दांडे दोघांच्या हातात. डबू म्हणजे रस वाहून न्यायचं भांडं. आता काकांबरोबर बदली माणूस असतो. म्हणाले, पाळी सुरू होताना मी अजून डाव्या हाताला बघतो. तुमच्या अण्णाची खुंटी आम्ही मोकळी ठेवली आहे, त्यावर कोणी टोपी अडकवत नाही.

मग भीमाच्या पाठीवर हात ठेवून, "वारस आला की ती खुंटी याची."

भीमा म्हणाला, "काका, मला कांद्यानं रडवलंय तेवढं बास हाय."

काका हसले. आई उठून आत गेली. 

८ मे

दुपारी डोळा लागला तर स्वप्न पडलं. मी मशीनपाशी, आणि काचेपलीकडे अण्णा. चपला हातात घेतलेल्या, कपड्यांना वाळू. आत येत नव्हते, खोली खराब होईल म्हणून. तोंड हलत होतं, पण काचेमुळे ऐकू येत नव्हतं. मी जागेवरून उठायला हवं होतं. उठले नाही — माझी कार्डं वाचली जात होती.

जिवंतपणी त्यांनी ती खोली कधी पाहिली नाही. त्याच इमारतीच्या मागे सबंध जन्म गेला.

२२ मे

कार्डांचा ट्रे हातातून पडला. तीन आठवड्यांचं काम फरशीवर विखुरलं! ऑपरेटरने नुसतं पाहिलं आणि एक पेन्सिल दिली. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर तिरकी रेघ मारून ठेवायची, म्हणजे क्रम चुकला की रेघ तुटते. क्लासात हे कोणी सांगत नाही. दिवसभर बसून लावली.

आता रिसबूड साहेब माझ्या चुका स्वतः शोधत नाहीत. म्हणतात, मशीनवर नेण्याआधी कागदावर चालवा, तुम्हीच मशीन व्हा. मी बसमध्ये मशीन होते. भाकरी करताना होते. आई म्हणते, पोरगी पुटपुटायला लागली.

३० जून

जागा निघाली आहे. प्रोग्रॅमर ट्रेनी, एकच, कायम! बाहेरूनही मुलं येणार, इंजिनिअरसुद्धा. मुलाखतीआधी परीक्षा — एक खरं काम द्यायचं आणि ज्याचा प्रोग्रॅम चालेल त्याला घ्यायचं. रिसबूड साहेबांनीच वर सांगून तसं ठरवून घेतलं. सर्टिफिकेटवर घ्यायचं असतं तर माझा नंबर लागलाच नसता.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे झालं का?" अजून नाही म्हटलं. तिने भीमाकडे पाहिलं. पाऊस लागल्यापासून चाकणला काम कमी आहे. तो दोन दिवस घरीच आहे आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून असतो.

१७ जुलै

परीक्षेचं काम हातात आलं. 

पगाराची यादी फार लांब होते, कागद वाया जातो. तर लागोपाठ तीन महिने ज्याची हजेरी शून्य आहे त्याची ओळ छापायची नाही. बेरजा मात्र आधीच्या यादीशी जुळल्या पाहिजेत. मूळ टेपवर सगळे नंबर राहतीलच, फक्त छापायचे नाहीत.

त्या शून्याच्या ओळीची रीत रिसबूड साहेबांना माहीत नाही. त्यांना तो नुसता कागद वाटतो.

२४ जुलै

विचार केला. प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवता येते — एवढा नंबर सोडून. कोणाला कळणार नाही. पण मग तो प्रोग्रॅम खोटा होईल, आणि माझं सगळं ज्यावर उभं आहे तेच जाईल. अण्णा असते तर काय म्हणाले असते? ते साच्यावरून हात फिरवून सांगायचे, हा चालेल, हा टाका. आपल्या पाळीचा असला तरी टाका म्हणायचे.

आणि छापलं नाही म्हणून काही जागा जात नाही. अर्ज पर्सोनेल खात्याला करायचा असतो, भिंतीला नाही. आणि मी लागले तर ती जागा आम्हाला नकोच आहे. हे मी स्वतःला तीन वेळा समजावलं.

एकही सूट ठेवली नाही.

३१ जुलै

परीक्षा. माझा प्रोग्रॅम दुसऱ्या खेपेला चालला. बाहेरच्या एका मुलाचा चाललाच नाही, दुसऱ्याची बेरीज चुकली.

भट्टी खात्याचं पान निघालं तेव्हा ऑपरेटरआधी मी उचललं. धोंडीबाकाकांची ओळ होती, आणि तिच्याखाली लगेच पुढचा माणूस. मध्ये जागासुद्धा सुटली नव्हती.

बरोबर होतं. मी बराच वेळ पाहत राहिले. रिसबूड साहेब म्हणाले, "काय शोधताय? चूक नाहीये त्यात."

१४ ऑगस्ट

निवड झाली. रिसबूड साहेबांनी बोलावून सांगितलं. पत्र मात्र मेडिकल आणि वरच्या सह्या झाल्यावर. तोवर पंचिंगला बसा.

घरी सांगितलं. भीमा म्हणाला, आता आमची अक्का सगळ्या कारखान्याचा पगार काढणार, मग आम्ही तिला बाईसाहेब म्हणायचं का? आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग विचारलं, "कागुद आला का?"

येईल म्हटलं. साहेबांनी शब्द दिलाय.  अण्णांनाही कोणीतरी शब्द दिला होता की साचे सुकवून मगच ओतू.

३ सप्टेंबर

नवी यादी खात्यांमध्ये लागली.

संध्याकाळी गेटबाहेर ओळी गेलेल्यांच्या घरच्या बायका उभ्या होत्या, बरोबर कोणाचा भाऊ, कोणाचा मुलगा. गिरजाबाई माझ्यापाशी आल्या. त्यांचे मालक पेंट खात्यातले, मार्चमध्ये वारले, मुलगा अजून वयात यायचा आहे. कोणीतरी त्यांना सांगितलं की वरच्या मशीनने मेलेल्यांची नावं काढली, आता जागा गेल्या. मी समजावलं. मावशी, नुसतं छापलेलं नाही, जागा आहे तशीच आहे. त्यांनी ऐकून घेतलं. "तू शिकलेली हायेस बाई. पर भिंतीवर नाव न्हाई, त्याला काय करू?"

ही ओळ काढणारी मीच, हे मी त्यांना सांगितलं नाही.

४ सप्टेंबर

रिसबूड साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, रीतही सांगितली. त्यांनी चष्मा खाली घेतला. खरंच माहीत नव्हतं त्यांना. म्हणाले, पर्सोनेलला सांगून सूचना लावतो. विचारलं, तुमच्या वडिलांचीही गेली का? हो म्हटलं. 

घरी यातलं काही काढलं नाही. आई उगाच घाबरेल.

८ सप्टेंबर

सूचना अजून लागलेली नाही. पर्सोनेलच्या दारात रांग दिसली. पत्र नाही. भीमाला पुन्हा काम मिळालं वाटतं. आज भोंग्याच्या आधीच बाहेर पडला.

१२ सप्टेंबर

आलं! आलं! आलं! पत्र हातात आहे. प्रोग्रॅमर ट्रेनी, कु. प्रभावती भिवा ओव्हाळ. टाइप केलेलं, शिक्का, सही. सोमवारी रुजू व्हायचं. सुमनताईंनी मिठी मारली आणि म्हणाल्या, काचेपलीकडे गेलीस की आम्हाला चुकीचे तक्ते पाठवू नकोस.

सूचनाही आज लागली. म्हणजे गिरजाबाईंची काळजी मिटली. सगळं एकाच दिवशी!

पिंपरीत उतरून पेढे घेतले. आईच्या हातात पत्र दिलं. तिने ते उलटं-सुलटं पाहिलं, अण्णांच्या फोटोपुढे ठेवलं आणि तिथेच खाली बसली. आनंदाने बसली असेल. भीमा अजून यायचा आहे. पेढा त्याच्या हातावर ठेवल्याशिवाय मी खाणार नाही.

१३ सप्टेंबर

भीमा सोमवारपासून चाकणला गेलेलाच नाही. भट्टीवर आहे, अण्णांच्या नंबरावर. यादी लागली त्यानंतर गुरुवारची सुट्टी संपताच धोंडीबाकाका त्याला पर्सोनेलला घेऊन गेले, जागा बुडेल म्हणून. आईने संमतीचा अंगठा दिला.

मी म्हटलं, ती नुसती छपाई होती, मीच केली होती, मला विचारायचं तरी. आणि आता सोडून दे म्हटलं. भीमा म्हणाला, "कायम नोकरी कोण सोडतं, अक्का?"

आई म्हणाली, "तुजा कागुद आला नव्हता. त्येंचं नाव मात्र गेलं व्हतं."

आज सकाळच्या पाळीहून आला आणि तसाच झोपला. डाव्या भुवईचे केस करपलेत. ते त्याला अजून कळलेलं नाही.